प्रकाशाला मागं टाकणारं वऱ्हाड

बर्वे सरांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले आणि तास अर्धा टाकून ते वर्गाबाहेर पडले.

मी शेजारच्या प्रयोगशाळेत होतो. थोड्या वेळानं मुलं दारात येऊन उभी राहिली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सर, बर्वे सर घरला गेले वाटतं."

"वाटतं म्हणजे? काही सांगितलं नाही?"

"न्हाई. फळ्यावर लिहीत हुते. लिहिता लिहिता थांबले. आमच्याकडं बघितलं आनि गेले."

मी वर्गात जाऊन पाहिलं. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात अर्धंच वाक्य होतं : 'प्रकाशापेक्षा अधिक वेगाने कोणतीही वस्तू'. पुढं क्रियापद नव्हतं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बर्वे सर आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात फिजिक्सचे हेड होते. मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि मग त्यांच्याच हाताखाली लेक्चरर. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं तेव्हाही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते तासाला आले होते. अशा माणसानं तास अर्धा टाकला होता. मला घरच्या कुणाच्या आजाराचीच शंका आली.

त्यांच्या टेबलावर एक मासिक उघडं पडलं होतं. विज्ञानाचं, परदेशातलं. ते बोटीनं यायचं, त्यामुळं आमच्या लायब्ररीत पोचेपर्यंत त्याला काही महिने झालेले असत. आम्ही मात्र त्यातली बातमी आजचीच समजून वाचत असू. उघड्या पानावर एका छोट्या बातमीखाली सरांनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. रेघ इतकी दाबून ओढली होती की कागद फाटला होता. लायब्ररीच्या पुस्तकावर साधी खूण केली तरी मुलांना दंड करणारे हे सर.

बातमी काय होती ते सांगायला हवं. त्यासाठी आधी क्वेसार म्हणजे काय ते सांगतो. दुर्बिणीतून पाहिलं तर क्वेसार एखाद्या साध्या ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. पण तो तारा नव्हे. तो इतका लांब असतो की त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. इतक्या लांबून दिसतो, म्हणजे त्याची शक्ती अफाट असणार. त्याच्या गाभ्यातून तापलेल्या पदार्थाचा अरुंद झोत बाहेर फेकला जातो. नळाच्या तोंडावर बोट दाबल्यावर पाण्याची चिळकांडी उडते, तसा. एकमेकांपासून हजारो मैलांवर असलेल्या रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी असा क्वेसार टिपायचा आणि त्यांच्या टेपा नंतर एकत्र जुळवायच्या, अशी नवी रीत तेव्हा निघाली होती. त्यामुळं फार बारीक हालचाल कळू लागली. बातमीत होतं ते असं : एका क्वेसारमधला एक ठिपका गाभ्यापासून बाजूला सरकताना दिसला आहे, आणि अंतराचा हिशेब घातला तर त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे दसपट भरतो. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. संपली बातमी.

मी ती उभ्यानं वाचली. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली.

फिजिक्स न शिकलेल्याला हा धक्का कळणार नाही. सगळ्या आधुनिक फिजिक्सचा एक खांब असा आहे की प्रकाशाच्या वेगापुढं काही जाऊ शकत नाही. थोडंसुद्धा नाही. इथं कुणी तरी दसपट गेलं होतं. गणपतीच्या मिरवणुकीतला माणूस वर बघतो आणि देऊळच रस्त्यानं चाललेलं दिसतं, तसं मला झालं.

मी सायकल काढून सरांच्या घरी गेलो. सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. पायांत चपला तशाच होत्या. मला बघून म्हणाले, "वाचलंत?"

"वाचलं, सर."

"मग?"

"मोजण्यात चूक असेल."

"दोन वेगवेगळ्या गटांनी मोजलंय. टेपा जुळवणारी माणसं आपल्या प्रॅक्टिकलच्या पोरांसारखी नसतात, चौगुले."

"मग अंतर चुकलं असेल. क्वेसार आपण समजतो तितका लांब नसेलच."

"म्हणजे एक खांब वाचवायला दुसरा पाडायचा." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "मी मुळीकला चिठ्ठी पाठवली आहे. सापेक्षतेचं प्रकरण सोडून टाका म्हणून."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी त्यांच्या शेजारी पायरीवरच बसलो.

सरांनी बारा वर्षं खपून मराठीत फिजिक्सचं एक पुस्तक लिहिलं होतं. खेड्यातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत आणि बाजारातली गाइडं चुकांनी भरलेली असतात, म्हणून. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात मुळीकांचा छापखाना होता, तिथं ते छापायला होतं. तेव्हाची छपाई आजच्यासारखी नव्हती. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हातानं उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान, पानांचा फर्मा. फिजिक्सच्या पुस्तकात समीकरणं असतात, वर-खाली बारीक आकडे असतात. असं एक पान जुळवायला साध्या मजकुराच्या चौपट वेळ लागायचा. 'सोडणं' म्हणजे ती जुळणी मोडून खिळे परत आपापल्या खणांत टाकणं. एकदा सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि मुळीक पुन्हा पहिल्यापासून जुळवणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सापेक्षतेचं प्रकरण या पुस्तकाच्या मध्यात होतं. पुढची सगळी प्रकरणं त्याच्यावर उभी होती. ते मोडलं की पुस्तकच गेलं.

"सर, दोन दिवस थांबूया."

"कशासाठी? खोटं छापायला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "शनिवारी माझं व्याख्यान आहे. 'विश्वाची वेगमर्यादा'. गावात फलक लागलेत. मी उभा राहून सांगणार आहे की मी आयुष्यभर शिकवलं ते चूक निघालं. मुलांची माफी मागणार आहे."

मी त्यांना ओळखत होतो. ते खरंच तसं करणार होते.

तिथून मी थेट छापखान्यात गेलो. मुळीक गल्ल्यावर बसून पान जुळवत होते, खायचं. चिठ्ठी त्यांच्या समोरच पडली होती.

"या, चौगुले सर. तुमच्या बर्वे सरांचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"खिळे सोडलेत का?"

"जुळारी जेवायला गेलाय म्हनून वाचलं. आला की सोडतोय की. माजंबी बरंच हुईल. साकर कारखान्याचा अहवाल दारात हुबा हाय आनि माजं निम्मं बारीक खिळं तुमच्या त्या आकड्यांच्या जंजाळात अडकल्यात. वर येक बारका दोन, खाली येक बारका शून्य. जुळाऱ्याचं डोळं गेलं."

"मुळीक, शनिवारपर्यंत हात लावू नका."

"आवो, ज्येचं पुस्तक त्योच म्हनतोय मोडा. मी कोन?"

"मी सांगतो म्हणून थांबा."

"तुमी कोन?" त्यांनी पान तोंडात टाकलं. मग माझ्याकडं नीट बघितलं. "येवडं झालंय तरी काय? कोन मेलंय काय?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आभाळात काही तरी प्रकाशाच्या दसपट वेगानं पळताना दिसलं आहे. मुळीक ऐकून घेत राहिले.

"मग पळंना की," ते म्हणाले. "आपल्या बोळातनं पळतंय काय?"

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "गुरवारी सकाळपातूर," ते म्हणाले. "त्येच्यापुढं मातूर कारखान्याचं चेअरमन माजंच खिळं सोडतील."

तो सोमवार होता. मंगळवारचा अख्खा दिवस मी लायब्ररीत घालवला. त्या बातमीखेरीज आमच्याकडं एक ओळ नव्हती. मूळ निबंध पुण्याला कुठं तरी असणार, पण तिथं जाऊन शोधून परत यायला वेळ नव्हता. कागदावर मी अंतर कमी करून पाहिलं, गाभा हलता धरून पाहिला, दोन वेगळे ठिपके उघडझाप करत असतील असंही मांडून पाहिलं. प्रत्येक गोष्ट एकीकडं जुळली की दुसरीकडं तुटायची. संध्याकाळी सरांकडं गेलो, तर ते व्याख्यानाचा मजकूर लिहीत होते. पहिलं वाक्य मला दिसलं. 'माझी एक मोठी चूक सांगण्यासाठी मी उभा आहे.' मी तसाच परत आलो.

बुधवारी सकाळी शालननं माझ्यापुढं भाकरी ठेवली.

शालन माझी पत्नी. तिच्याबद्दल इथं थोडं सांगतो. बिद्रीच्या बाजूला माझं गाव, तिचं माहेर तिथून बारा मैलांवर. दोघांची घरं शेतकऱ्यांची. ती सातवीपर्यंत शिकली होती. माझ्या पुस्तकांवरची धूळ ती रोज पुसायची आणि माझ्या बोलण्यावर रोज हसायची. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. ही हकीकत मी लिहायला घेतली ती तिच्यामुळं, आणि लिहायला इतके दिवस लागले तेही तिच्यामुळं.

"काल रात्रीबी ताट तसंच सारलं," ती म्हणाली. "काय हुतंय तुमास्नी?"

मी सांगितलं. सरांचा तास, बातमी, छापखाना, शनिवार. तिला वेगाचं काही नवल वाटलं नाही, सरांचं वाटलं.

"येवडा शाना मानूस आनि निरोप ऐकला की उठून पळाला?" ती भाकरी थापता थापता हसायला लागली. "आमच्या आबांसारकंच की. कासरं घिऊन निगाले तुमचं सर, बैलं धराय."

मी हसलो. आमच्या घरात हा जुना विनोद होता. आणि मग घास हातातच राहिला.

तो विनोद असा. आमच्याकडं लग्नात वरधावा पाठवायची पद्धत होती. वरधावा म्हणजे वऱ्हाडाच्या पुढं जाऊन नवरीच्या गावात वर्दी देणारा माणूस. आमच्या भावकीत तर दोन वरधावे असत. एक वऱ्हाड निघताना सुटायचा, दुसरा अर्ध्या वाटेवरच्या ओढ्यापासून. दुसरा पोचला की नवरीकडच्यांनी भात टाकायचा, म्हणजे पंगतीला गरम मिळतो. आमचं वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं. गाड्या तासाला तीन मैल चालत होत्या. वरधावे पायी, झपझप, तासाला चार मैल.

पहिला वरधावा मांडवात पोचला. पाय धुवायला पाणी, गूळ-पाणी असा त्याचा मान झाला. त्यानं सांगितलं, वऱ्हाड गावातनं निघालं. अर्धा तास झाला नाही तो दुसरा हजर. वऱ्हाडानं ओढा ओलांडला.

शालनच्या वडिलांना, म्हणजे आबांना, बैलांच्या शर्यतींचा नाद होता. पंचक्रोशीत बैलाची चाल त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती. त्यांनी मनात हिशेब घातला : आत्ताच निघाले म्हणाले, आणि आत्ता ओढ्याला? सहा मैल, अर्ध्या तासात? लग्नाच्या भरल्या गाड्या कुठलाही बैल असा ओढत नाही. म्हणजे बैल उधळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. जावई गाडीत. त्यांनी कासरे घेतले, काठ्या घेतल्या, आचाऱ्यासकट वीस-पंचवीस माणसं घेतली आणि रस्त्यानं धावत सुटले.

समोरून आमच्या गाड्या निवांत येत होत्या. मी पुढच्या गाडीत मुंडावळ्या बाजूला सारून पुस्तक वाचत होतो. काठ्या घेतलेला जमाव अंगावर धावून येताना पाहून आमच्या माणसांनीही काठ्या उचलल्या. नवरीकडचे लग्न मोडायलाच आलेत असं आमच्या चुलत्यांना वाटलं. सोयरीक तिथंच तुटायची. आबा मध्ये उभे राहून आमच्या बैलांकडं बघत होते. बैल रवंथ करत होते. आबांना काही केल्या समजेना. पुढं मरेपर्यंत ते म्हणायचे, "न्हाई, उधळलं हुतं. नंतर दमलं."

मी घास खाली ठेवला आणि शालनकडं बघत राहिलो.

आबांना बैलांचं अज्ञान नव्हतं. उलट बैलाला किती पळता येतं ते त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते हादरले. त्यांचं चुकलं एवढंच की पहिल्या वरधाव्याची बातमी पोचली तेव्हाच ती घडली, असं त्यांनी धरलं. ती तीन तासांपूर्वीची होती. त्या तीन तासांत गाड्याही त्याच्या मागोमाग चालतच होत्या. दुसरा वरधावा ओढ्यापासून निघाला, त्याला वाट निम्मीच होती. म्हणून बातम्या एकमेकींच्या पाठीवर येऊन आदळल्या. चार तासांचा प्रवास मांडवातून एका तासाचा दिसला. गाडी तासाला बारा मैल पळालेली दिसली, बातमी आणणाऱ्या माणसाच्याही तिप्पट.

आणि कुणाचाही नियम मोडला नव्हता.

"अवो, काय झालं? मिरची लागली काय?"

"शालन, आबांनी वाचवलं," मी म्हणालो आणि हात न धुताच उठलो. तिनं मागून तांब्या आणला.

बर्वे सरांच्या घरी भिंतीवर एक लहान फळा होता. मी काही प्रस्तावना न करता त्यावर बारा मैलांची रेघ ओढली आणि गाड्या आणि वरधावे मांडले. सर आधी वैतागून बघत होते. मग त्यांनी चष्मा घातला. शेवटी ते उठून फळ्याजवळ आले.

"बातमी आणणारा प्रकाश," ते हळू म्हणाले. "आणि जे येतंय ते त्याच्या जरासंच मागं."

"हो सर."

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "नाही चौगुले. सुंदर आहे, पण नाही. तुमचं वऱ्हाड सरळ मांडवाच्या दिशेनं येतंय. सरळ अंगावर येणारी वस्तू आभाळात सरकताना दिसतच नाही. ती जागच्या जागी ठिपका राहील. यांनी मोजलाय तो वेग आडवा आहे. डावीकडून उजवीकडं."

ते खरं होतं. माझ्या हातातला खडू थंड लागायला लागला. अर्धा रस्ता मी सायकलवर गाणं म्हणत आलो होतो.

खिडकीतून भाजीवाल्याची हाक आली. सर परत खुर्चीकडं निघाले. मी मांडवाच्या चौकोनाकडं बघत होतो. तो मी रेघेच्या बरोबर टोकाला काढला होता. पण आमचं वऱ्हाड तिथं गेलंच नव्हतं.

"सर, वऱ्हाड आधी मांडवात येत नाही," मी म्हणालो. "आधी मारुतीला जातं. नवरदेव मारुतीच्या पाया पडतो, मग मांडव. आणि मारुती गावाच्या उजव्या अंगाला आहे. गाड्या सरळ येत नाहीत. जरा तिरक्या येतात."

सर थांबले.

"किती तिरक्या?"

"थोड्याच."

"थोड्याच," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला. पुढचं सगळं त्यांनी केलं. मी फक्त फळा पुसत होतो.

त्यांनी मांडलं ते साध्या भाषेत असं. समजा, झोतातली एक गाठ प्रकाशाच्या साडेनव्याण्णव टक्के वेगानं निघाली आहे. आपल्याकडंच, पण पाच-सहा अंशांनी तिरकी. शंभर वर्षांत ती आपल्या दिशेनं सुमारे नव्याण्णव प्रकाशवर्षं पुढं येते आणि बाजूला सुमारे दहा प्रकाशवर्षं सरकते. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जातो ते अंतर. निघतानाचा प्रकाश शंभर वर्षं चालून आलाय, पण गाठही त्याच्या मागोमाग नव्याण्णव आलीय. म्हणजे शेवटचा प्रकाश पहिल्याच्या मागं फक्त एका वर्षानं पोचणार. आपल्याला काय दिसणार? गाठ दहा प्रकाशवर्षं आडवी गेली. एका वर्षात.

सरांनी खाली उत्तर लिहिलं. जवळजवळ दहा.

आम्ही दोघंही त्या दहाकडं बघत उभे राहिलो. सोमवारी बसला त्याहून हा धक्का मोठा होता. त्या बातमीनं काहीही पाडलं नव्हतं. उलट प्रकाशाची मर्यादा पाळली, म्हणूनच तो आकडा येत होता. सरांनी खडू दोन वेळा ठेवला आणि दोन वेळा उचलला.

"मी माफी मागणार होतो," ते म्हणाले. "भर सभेत. कशाची?"

मी खाली पडलेले खडूचे तुकडे गोळा केले.

"तुमचे सासरे हयात आहेत?"

"नाहीत, सर."

"त्यांना सांगायला हवं होतं. त्यांचा हिशेब बरोबर होता. घड्याळ तेवढं चुकीच्या गावातलं धरलं."

गुरुवारी सकाळी सर स्वतः छापखान्यात आले. मुळीक म्हणाले, "काय सर, सापडलं का पळालेलं?"

"पळालंच नव्हतं, मुळीक. तसं दिसत होतं. प्रकरण छापा. त्यात एक पान वाढवायचं आहे."

मुळीकांनी कपाळावर हात मारला. "मोडायला सांगितलंत ते बरं हुतं की वो." पण छापलं. कारखान्याचा अहवाल चार दिवस उशिरा निघाला आणि त्याबद्दल मुळीक आम्हाला पुढची कित्येक वर्षं ऐकवत राहिले.

शनिवारच्या व्याख्यानात सरांनी नावं न घेता वऱ्हाडाची गोष्ट सांगितली. सभागृह हसत होतं. शालन तिसऱ्या रांगेत बायकांत बसली होती. पदर तोंडाला लावून ती हसत होती, की वडिलांची आठवण येऊन तिचं दुसरंच काही चाललं होतं, मला लांबून कळलं नाही. पुढं काही महिन्यांनी मूळ निबंध पाहायला मिळाला. त्यावरून असंही कळलं की परदेशात एकानं हीच भूमिती त्या निरीक्षणाच्या काही वर्षं आधीच मांडून ठेवली होती. आम्हाला नवं काही सापडलं नव्हतं. आमच्यापर्यंत बातमी उशिरा पोचली होती इतकंच, आणि वरधाव्यांच्या त्या आठवड्यानंतर तरी त्याचं आम्हाला नवल वाटायला नको होतं.

व्याख्यानाहून आम्ही चालत घरी येत होतो. रंकाळ्याच्या बाजूनं वारं होतं. शालन म्हणाली, "आनि माघारी जाताना?"

"कोण?"

"वऱ्हाड. मला घिऊन निगालं तवा. तवाबी ओढ्यापासनं एकाला मागं धाडलं हुतं, सुकरूप चालल्यात म्हनून आबास्नी सांगाय. घरात पोचल्यावर दुसरा. आबास्नी ते कसं दिसलं आसंल?"

मी चालता चालता हिशेब केला. गाड्या दूर जात आहेत. प्रत्येक बातमीला आधीपेक्षा जास्त वाट मागं यायचं आहे. "चार तासांचा रस्ता," मी म्हणालो. "आबांना तो सात तास चाललेला दिसला असणार."

तिनं वाऱ्यानं सरकलेला पदर सावरला. मग म्हणाली, "तरीच. आई सांगायची, आबा दिवस बुडला तरी रस्त्याकडं तोंड करून बसले हुते."

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी वाढवलेल्या पानाच्या शेवटी एक उदाहरण घातलं : हेच वऱ्हाड नवरीला घेऊन परत निघाले, तर नवरीच्या वडिलांना ते किती तास जाताना दिसेल? आणि त्याखाली : झोतातील गाठ आपल्यापासून दूर जात असल्यास तिचा शंभर वर्षांचा प्रवास आपल्याला किती वर्षे दिसत राहील?

या प्रसंगातून मी जे शिकलो ते मुलांना दर वर्षी सांगत आलो. जवळ येणारी गोष्ट असते त्याहून वेगानं येताना दिसते, दूर जाणारी असते त्याहून हळू जाताना. आपण कुठं उभे आहोत ते मोजणाऱ्यानं विसरायचं नाही. बस, इतकंच. फिजिक्सला यापेक्षा जास्त सांगता येत नाही.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. शालन गेल्या साली गेली. सकाळी भाकरीचं पीठ मळताना तिच्या छातीत दुखलं आणि दवाखान्याच्या दारात रिक्षा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अजूनही कुणी भेटायला आलं की म्हणतं, किती पटकन गेल्या हो. मी मान हलवतो. त्यांना तसं दिसलं असेल.

गेल्या महिन्यात मी सरांचं पुस्तक काढलं आणि ती दोन्ही उदाहरणं पुन्हा सोडवली. पहिल्याचं उत्तर सात तास. दुसऱ्याचं जवळजवळ दोनशे वर्षं. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिली आहेत. पडताळून पाहिली. बरोबर आहेत.